तुझा एक नऊ होतोय

कवठे महांकाळला माझ्या जुन्या शाळेची नवी कमान उभी राहिली आहे. मी तिच्याखालून जात नाही. वर्षातून दोनतीनदा साताऱ्याहून तिकडं जाणं होतं. शाळेत काही काम निघालंच तर मी मागच्या फाटकातून शिरते, जिथनं पाण्याचा टँकर आत येतो तिथनं, चिखलातून साडी सांभाळत. शिपाई हसतो. हसू दे. कमानीच्या उजव्या खांबावर काळ्या ग्रॅनाइटची फरशी बसवली आहे, तिच्यावर दहा आकडी एक संख्या कोरली आहे आणि ती चुकीची आहे. तिच्याकडं नुसती नजर गेली तरी मी तोंड फिरवते, शिळ्या आमटीवरचा फेस बघितल्यावर फिरवावं तसं.

सांगते सगळं. पण आधी सर.

सरांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं. मूळचे जत तालुक्यातले. घरी कन्नड बोलायचे आणि शाळेत इतकं स्वच्छ मराठी, की आमचं 'हाय-न्हाई' ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मारायचे नाहीत. चुकलं की फळ्यापाशी उभं करायचे आणि कुठं घसरलीस ती पायरी दाखव म्हणायचे. उत्तर चुकल्याचं त्यांना काही नसायचं. पण एखादी पायरी खोटी घातली असली, म्हणजे उत्तर माहीत आहे म्हणून मधलं काहीतरी ठोकून दिलं असलं, की सर खडू खाली ठेवायचे. खडू खाली गेला की आता आपलं काही खरं नाही, हे अख्ख्या वर्गाला कळायचं.

दहावीच्या सुट्टीत त्यांनी आम्हा पाचसहा जणांना घरी बोलावलं. आम्ही अकरावीला सांगलीला जाणार, तिकडं सगळं गणित इंग्रजी आकड्यांत, म्हणून आमचा हात वळवायचा होता. दोन वळला, तीन वळला, पाच-सात वळले. एक काही वळेना. मराठी एक म्हणजे वर गोळा आणि खाली शेपूट. इंग्रजी नऊ म्हणजेही वर गोळा आणि खाली शेपूट. मी बाकीचे सगळे आकडे इंग्रजीत लिहायची आणि एक तेवढा मराठीत. एकवीस लिहिले की ते एकोणतीस वाचले जायचे. सर माझ्या वहीवर बोट ठेवून म्हणायचे, "तुझा एक नऊ होतोय." चिडून नाही. ताप आला आहे म्हणावं तसं. पान पान भरून मी उभ्या काठ्या काढल्या. सांगलीला गेल्यावर तो एक सुधारला, म्हणजे मला तरी तसं वाटलं.

पुढं मी साताऱ्याला नोकरीला लागले, सेमी इंग्रजीच्या वर्गांना गणित शिकवू लागले. सर निवृत्त झाले. निवृत्त मास्तर काय करतात? शेत बघतात, भजनी मंडळात जातात, नाहीतर पतसंस्थेच्या कट्ट्यावर बसून जगाला नावं ठेवतात. सरांनी एक संख्या धरली.

ती संख्या ते आम्हाला शाळेत असतानाच सांगायचे. महिन्याच्या एक तारखेला ज्वारीचा एक दाणा ठेवायचा. दोन तारखेला दोन, तीनला चार, चारला आठ, असं रोज दुप्पट करत एकतीस तारखेपर्यंत जायचं. मग सगळी रास मोजायची. किती दाणे? दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. हे ते एका दमात म्हणायचे. आणि मग म्हणायचे, की या राशीचे समान वाटे होत नाहीत. दोघांत होत नाहीत, सातांत होत नाहीत, हजारांत होत नाहीत. कितीही माणसं बोलवा, प्रत्येक वेळी वाटून झाल्यावर काही दाणे खळ्यावर उरणारच. एकटा माणूस सगळी रास नेईल, नाहीतर जितके दाणे तितकी माणसं आणा. गणिताच्या पुस्तकात याला मूळ संख्या म्हणतात.

ती मूळ आहे हे जगाला अडीचशे वर्षांपासून ठाऊक आहे. परदेशातल्या एका म्हाताऱ्या गणितज्ञानं, डोळे जवळजवळ गेलेले असताना, ते दाखवून दिलं होतं. आज माझा फोन डोळ्याचं पातं लवायच्या आत ते सांगतो. सरांना हे सगळं माहीत होतं. तरी त्यांनी ठरवलं, आपण स्वतः भागून बघायचं. एखाद्या संख्येला भाग जायचाच असेल तर तिच्या वर्गमुळाच्या आत कुणीतरी भाजक सापडतोच; तिथं नाही सापडला तर ती मूळ. हिचं वर्गमूळ शेहेचाळीस हजार तीनशे चाळीसच्या थोडं पुढं. तेवढ्यात मूळ संख्या भरतात पावणेपाच हजारांच्या वर. रोज सकाळी चहाच्या आधी एक भागाकार. हिशेब करा, तेरा वर्षं होतात.

मी कॉलेजात शिकलेली, मला शहाणपणा सुचला. मी त्यांना फोन करून सांगितलं, की सर, एवढे उंबरे झिजवायची गरज नाही. हिला भाग गेलाच तर अशाच मूळ संख्येनं जाईल जिला बासष्टनं भागल्यावर एक उरतो. पहिली तर थेट तीनशे अकरा. दीडशे-पावणेदोनशे भागाकारांत काम संपेल. सरांनी सिद्धता मागितली. मी पोस्टानं पाठवली. दोन दिवसांत त्यांनी ती पचवली, मला शाबासकीचं पत्र धाडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे सतरानं भागलं. म्हणाले, "तो घरी नसणारच, हे मला कळलं. तरी दारात जाऊन विचारतो."

आमच्याकडं माणूस भेटला की पहिल्यांदा पाऊसपाणी होतं आणि मग हमखास प्रश्न येतो, बाकी काय? त्याला उत्तर नसतं. बाकी काय, चाललंय. सरांनी त्याला उत्तर द्यायला सुरुवात केली. भागाकारात उरते ती बाकीच ना? एक्केचाळीसनं भागलं त्या दिवशी मी त्यांच्याकडं गेले होते. सहज विचारलं, बाकी काय सर? म्हणाले, अडतीस. किराणावाल्यानं विचारलं तरी त्या दिवसाची बाकी सांगायचे. गावानं ठरवून टाकलं, मास्तर हलला. कुणाच्या कानावर गेलं की मास्तर रोज पहाटे उठून मुळाचं काहीतरी करतात. त्या भल्या माणसानं मूळव्याध समजून घरी सुरण पाठवला. काकूंनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, त्याची भाजी केली आणि सरांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

मला मात्र त्या बाकीची गोडी लागली. महिन्यातून एकदा फोन करायचा, बाकी काय विचारायचं, आकडा ऐकायचा. तेरा वर्षांत एकदाच भलतं उत्तर आलं. मी विचारलं, बाकी काय? म्हणाले, "शून्य आलं." शून्य म्हणजे भाग गेला, रास वाटली गेली, म्हणजे ती संख्या मूळ नव्हतीच. असं होणं शक्य नाही हे दोघांनाही माहीत होतं, तरी सर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सापडलं. त्या दिवशीच्या पानाच्या माथ्यावर संख्या उतरवतानाच एक आकडा चुकला होता. नीट उतरवल्यावर पुन्हा बाकी उरू लागली. पण सरांनी त्या वहीतला अख्खा महिना खोडला आणि पहिल्यापासून केला. मी म्हटलं, सर, बाकीचे दिवस बरोबर असतील की. म्हणाले, असतील, पण मला आता त्यांच्यावर विश्वास नाही.

शेवटच्या दोनतीन वर्षांत काचबिंदूनं डोळे जाऊ लागले. भिंग आलं, मग जाड स्केचपेन आलं, मग एका पानावर चारच आकडे मावू लागले. शेवटचा भाजक शेहेचाळीस हजार तीनशे सदतीस. बाकी एक्केचाळीस हजार सातशे एकोणीस. ती त्यांनी मला स्वतः फोन करून सांगितली आणि सुटल्यासारखं वाटतंय म्हणाले. त्यानंतर वर्षभरात पूर्ण अंधार झाला. वह्या कपाटात तशाच आहेत. ते त्यांच्यावरून हात फिरवतात, पण कागदाला हात काय कळणार.

आता कमानीवर येते, आणि माझं डोकं फिरायला लागतं.

आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी फसवे सल्ले, संध्याकाळी कुणाच्या तरी गाडीचा फोटो. त्याचा कर्ताधर्ता आमचा एक वर्गमित्र. बेदाण्याचा व्यापार करतो. बेदाण्याला जी गंधकाची धुरी देतात तिचा वास त्याच्या अंगाला कायमचा चिकटलाय, आणि त्याच्यावर तो अत्तर मारतो. त्या दोन वासांच्या मिश्रणाला मी नाव देऊ शकत नाही. त्याच्या टाळक्यात कमान आली. गुरुऋण फेडायचं. फेडायचं म्हणजे कमानीवर एकवीस जणांची कमिटी कोरायची, तिच्यात त्याचं नाव सगळ्यात वर आणि सगळ्यात ठसठशीत. सरांचं काय? तर खांबावर सरांचा 'तो आकडा' टाकू.

हे ऐकून मी विरघळले, खोटं कशाला बोलू? मी सरांना फोन केला. ते इतके खूश झाले की काकूंना हाक मारून सांगितलं. मग मला म्हणाले, "खोल कोरायला सांग. मला बोटानं वाचता आला पाहिजे." एवढंच मागितलं. डोळे गेल्यापासून त्यांना आपली संख्या दिसली नव्हती, ती एकदा हाताला लागावी. एवढ्यासाठी माझा सगळा जीव त्या फरशीत अडकला होता.

मी ग्रुपवर संख्या टाईप करून टाकली. दहा आकडे बघितल्यावर फोनला तो मोबाइल नंबर वाटला आणि त्यानं खाली निळी रेघ मारली. अर्ध्या तासात कुणीतरी लिहिलं, सरांचा नवीन नंबर, सर्वांनी सेव्ह करणे. दोघांनी फोन लावून बघितला, लागला नाही म्हणून सरांच्या प्रकृतीची चौकशी सुरू झाली. एकानं तर हात जोडल्याची चित्रं टाकली. हे लोक माझ्याबरोबर त्याच वर्गात, त्याच बाकांवर बसले होते! शेवटी वर्गमित्राचा फोन आला, हातानं कागदावर लिहून फोटो पाठव, आणि आकडे इंग्रजीच टाक, पोरं आता सेमीची हायत. मी शाळेत परीक्षेच्या ड्युटीवर होते. एका कोऱ्या पुरवणीवर संख्या लिहिली, फोटो काढला, पाठवून दिला. खाली लिहिलं, खोल कोरणे.

समारंभाच्या दिवशी मी साताऱ्याहून पहाटेच्या पहिल्या एसटीनं निघाले आणि नऊच्या सुमारास शाळेत पोचले. कार्यक्रम अकराचा. कमानीला झेंडूच्या माळा, बाजूला फ्लेक्स, त्यावर वर्गमित्राचा चेहरा भोपळ्याएवढा आणि सरांचा लिंबाएवढा. कालच बांधलेल्या खांबाच्या बुडाशी कुणीतरी मावा खाऊन थुंकलं होतं. फरशीवर मखमलीचा लाल पडदा. मिरजेचा फरशीवाला पडद्याखाली हात घालून ग्रॅनाइट पुसत होता. मी म्हटलं, दादा, जरा बघू द्या. त्यानं पडदा उचलला.

गणिताच्या बाईला आकडे दिसले की डोक्यात बेरीज होतेच, थांबवू म्हटलं तरी थांबत नाही. सरांच्या संख्येतल्या आकड्यांची बेरीज शेहेचाळीस, ती मला पाठ. इथं झाली चौपन्न. मी परत केली. चौपन्न. मग आकडे बघितले. दोननंतर एक हवा होता, तिथं नऊ होता. भला मोठा, खोल, पॉलिश केलेला नऊ. आकड्यांच्या बेरजेला नवानं भाग गेला की संख्येलाही जातो, हे सहावीतलं पोरगं सांगतं. जिच्या दारात एक म्हातारा तेरा वर्षं रोज सकाळी उभा राहिला, ती रास यांनी नऊ जणांत समान वाटून टाकली होती. एक दाणा उरत नव्हता.

मी तडक वर्गमित्राला गाठलं. डोक्याला फेटा, अंगाला तो वास. मी सांगितलं, आकडा चुकलाय, एकाच्या जागी नऊ पडलाय, पडदा उघडायच्या आधी काहीतरी करा. त्याचा चेहरा उतरायच्या ऐवजी खुलला. म्हणाला, बेरीज त्यानंही करून बघितली होती. पाच आणि चार नऊ! त्याच्या तिन्ही गाड्यांच्या नंबरांची बेरीज नऊच येते, त्यासाठी तो आरटीओत मुद्दाम नंबर घेतो. सरांचा आकडा असा शुभ निघेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. मी म्हटलं, खऱ्या संख्येची बेरीज शेहेचाळीस, म्हणजे दहा, म्हणजे एक. तर म्हणतो, मग ह्योच बरा की.

ज्या बेरजेनं ती संख्या खोटी ठरत होती, तीच करून हा माणूस आनंदात होता. मला त्याच्याकडं बघवेना. मी म्हटलं, अरे, निदान सरांची तरी लाज बाळग. त्यानं माझ्या खांद्यावर थोपटल्यासारखं केलं.

"लय बारीक बघतीस तू. हितं कोन भागाकार करत बसतंय? आन् सरास्नी तरी कुठं दिसतंय?"

हे शेवटचं वाक्य तो हळू आवाजात, समजूतदारपणे बोलला. आंधळ्याला काय दिसतंय म्हणून काहीही खपवायचं! मला शिसारी आली. त्याची, त्या फेट्याची, त्या एकवीस नावांची, जेवणासाठी आधीच उघडलेल्या जिलबीच्या टोपल्यांवर बसलेल्या माश्यांची. या मुलखात कुणालाच कशाचं काही वाटत नाही, सगळं चालतंय, सगळं खपतंय, असं मला वाटलं आणि मी ते तोंडानं बोललेही. मग तरातरा फरशीवाल्याकडं गेले. त्याच्यावर तोंड सोडलं. तुम्हा लोकांना दहा आकडे धड उतरवता येत नाहीत का, असं काय काय. तो ऐकत फरशी पुसत राहिला. माझं संपल्यावर त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. माझ्या फोटोची छापून आणलेली प्रत होती.

"बाई, तुमीच लिवलंय. हे बगा."

बघितलं. माझंच अक्षर, मला ओळखू आलं. दोन इंग्रजी. चार, सात, चार, आठ सगळे इंग्रजी. आणि दोनच्या पुढं एक. मराठी. वर गोळा, खाली शेपूट. घाईत लिहिलेलं, परीक्षेच्या ड्युटीवर, फळा समोर नसताना. वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना मी नीट लिहा म्हणून बोंबलते आहे. त्या माणसानं माझा आकडा न् आकडा जसाच्या तसा कोरला होता. खोलसुद्धा कोरला होता.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी नुकत्याच मारून झाल्या होत्या. तोंडाची चव गेली. त्याला सॉरी म्हणावं एवढंही सुचलं नाही. तो परत ग्रॅनाइट पुसायला लागला.

तेवढ्यात हलगी वाजली आणि सरांची जीप आली. मी पुढं होऊन त्यांचा हात धरला. जीप ते कमान चाळीसेक पावलं होती. चाळीस पावलांत माणूस 'सर, आकडा चुकलाय, माझ्यामुळं' एवढं दहा वेळा म्हणू शकतो. मी म्हटलं, सर, खड्डा आहे, जपून. सर, इथं पायरी आहे. सरांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, नखं कापली होती. बोटांची नखं, मुद्दाम, वाचायला अडथळा नको म्हणून. ते मला काकूंनी नंतर सांगितलं, आणि सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

पडदा ओढला, टाळ्या झाल्या. सर पुढं झाले आणि त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट फरशीवर ठेवलं. डावीकडून सुरुवात केली. दोन. पुढचा. बोट गोळ्यातून फिरलं, शेपटीवरून उतरलं, थांबलं. मग पुढं गेलं, चार, सात, सगळे, शेवटच्या सातापर्यंत. ओठ हलत होते. मी शेजारीच उभी, मला ऐकू आलं. "चौपन्न," ते पुटपुटले. मग बोट परत दुसऱ्या आकड्यावर आलं आणि तिथंच राहिलं.

"कुणी लिहून दिलं?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"मी."

बोट त्या गोळ्यात एकदा फिरलं. "तुझा एक अजून नऊ होतोय," सर म्हणाले. तोच आवाज, दहावीच्या सुट्टीतला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

कुणीतरी त्यांच्यापुढं माइक धरला. वर्गमित्र मोठ्यानं म्हणाला, सर, आकडा बरोबर हाय न्हवं? दोनेकशे माणसं होती. शाळेतली मुलं रांगेत बसली होती. मला वाटलं, आता सर खडू खाली ठेवणार. खरं सांगते, ठेवावा असंच मला वाटत होतं. पायरी दाखव म्हणाले असते तर मी तिथंच सगळ्यांसमोर दाखवली असती. पण त्यासाठी मला कुणीतरी विचारायला हवं होतं! आपण होऊन तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

सरांनी माइक हातात घेतला. "दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस," ते एका दमात म्हणाले. "माझ्या विद्यार्थिनीनं लिहून दिलाय. आकडा बरोबर आहे."

हलगी परत सुरू झाली. मी जेवले नाही.

पुढं मी दोनदा वर्गमित्राला सांगितलं, फरशी बदल, मी नवी करून आणते, तुला हात लावायला लागणार नाही. त्याचं उत्तर ठरलेलं आहे. सरांनीच माइकवर सांगितलंय की बरोबर हाय, व्हिडिओ हाय आपल्याकडं, तू सरांपेक्षा शाणी का? सरांनी आयुष्यात एकच पायरी खोटी घातली, ती माझ्यासाठी, आणि तिच्यावरच तो नऊ आता पक्का बसला आहे. मुलं येताजाता त्याला हात लावून परीक्षेला जातात म्हणे. शुभ असतो.

त्या दिवशी कार्यक्रम आटोपल्यावर मी सरांना घरी सोडायला गेले होते. घरी आल्यावर काकूंनी शाल काढून घेतली, नारळ देवापुढं ठेवला, चहा टाकला. सर खुर्चीत बसून अंगठ्यानं पहिल्या बोटाचं टोक चोळत होते. मला माफी मागायची होती. वाक्य जुळवत होते आणि एकही धड वाटत नव्हतं, सगळ्यांत माझंच कौतुक डोकावत होतं. चहा आला. सरांनी बशीत ओतला. एसटीची वेळ झाली होती, काहीतरी बोलून उठायला हवं होतं, आणि घशातून निघालं ते इतक्या वर्षांच्या सवयीचं.

"बाकी काय, सर?"

सरांनी बशी तोंडापर्यंत नेली होती. ती तशीच खाली ठेवली.

"शून्य," ते म्हणाले.